अंगठा, पाणी आणि चित्रकलेचा तास

शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून एक-दोनदा एक तास असतो. त्याच्या चौकटीत ‘चित्रकला’ असं लिहिलेलं असतं. गणिताच्या मास्तरांचा पोर्शन राहिला की हा तास गणिताला जातो. साहेब तपासणीला येणार असले की झाडलोटीला जातो. काहीच नसलं की पोरं मैदानात सोडली जातात. या तासाच्या नावानं कुणी मोर्चा काढल्याचं मी ऐकलेलं नाही. आपल्या मोर्चात शिष्यवृत्ती असते, वसतिगृह असतं, राखीव जागा असतात. त्या असायलाच पाहिजेत. पण आमच्या पोरांचा चित्रकलेचा तास चोरीला गेला म्हणून ओरडणारा कार्यकर्ता मला अजून भेटायचाय.

उलट विषय काढला की आपलेच लोक हसतात. म्हणतात, रंगानं पोट भरतं का? पोरगं कलेक्टर झालं पाहिजे, डॉक्टर झालं पाहिजे. चित्रंबित्रं पेठेतल्या पोरांना शोभतात, त्यांच्या बापाचं घर भरलेलं असतं. या बोलण्याचा मला राग येत नाही. ज्यानं तीन पिढ्या उपास काढला तो आधी भाकरीचं विचारणार. पण हे बोलणं इतिहासाला धरून नाही. चित्रकला आपल्याला परवडत नव्हती असं आपण समजतो. खरं असं आहे की ती आपल्या हाती लागू दिली नाही. न परवडणं आणि लागू न देणं यात फरक आहे. तो फरक नीट मांडावा म्हणून हे लिहितोय.

*

एकलव्याची गोष्ट आपण अंगठ्यापासून सांगतो. ती जरा आधीपासून सांगू. द्रोणानं हाकलून दिल्यावर निषादाच्या या पोरानं रानात जाऊन पहिलं काम काय केलं? मातीचा द्रोण केला. डोळ्यांनी पाहिलेला माणूस आठवणीतून मातीत उभा करणं ही साधी गोष्ट नव्हे. बाण मारणं त्याच्या नंतरचं. म्हणजे या पोराच्या हातात आधी मूर्ती होती, मग धनुष्य आलं. सगळे त्याच्या बाणाचं बोलतात, त्याच्या मातीच्या हाताबद्दल कुणी विचारत नाही. आणि मग गुरुदक्षिणा म्हणून नेमकं काय मागितलं? अंगठा. बाण सोडायला अंगठा लागतो हे आपल्याला ठाऊक आहे. माती दाबायला, कुंचला धरायला, पेन्सिल धरायलाही तोच लागतो.

कुणी म्हणेल हे पुराण झालं. ठीक आहे, कायद्याकडे येऊ. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सांगितलंय की शूद्राला द्विजांची सेवा मिळेना आणि बायकापोरं मरायची वेळ आली, तर त्यानं कारागिरीवर जगावं. नीट वाचा. हस्तकला ही चाकरी मिळाली नाही तर करायची सोय! कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही शूद्राच्या वाट्याला द्विजांची सेवा, शेतीभाती आणि कारागिरी-नटगिरी दिलीय. म्हणजे हात वापरायची परवानगी होती. त्या हाताला विद्या शिकवायची परवानगी नव्हती. अतिशूद्रांचं तर विचारूच नका. ज्या पुस्तकानं हे लिहिलं ते २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं, बरं झालं. पण पुस्तक जळालं तरी त्यातली विभागणी वेळापत्रकात बसून राहिली.

गावगाड्यात बघा. सुतार, लोहार, कुंभार गावात. चामडं कमावणारा ढोर, जोडा शिवणारा चांभार, दोर वळणारा मांग गावकुसाबाहेर. मांगाच्या हातची हलगी जाळावर तापवून सूर लावते, तेव्हा त्या कानाला काय शिक्षण झालेलं असतं ते विचारा. जोड्याच्या टाचेची शिलाई बघा. केरसुणीची वीण बघा. पण मी या कारागिरीचे गोडवे गाणार नाही. गोडवे गाणारे पुष्कळ आहेत, ते शहरात प्रदर्शनं भरवतात. ही कला कुणी हौसेनं पत्करलेली नव्हती, ती जन्माला चिकटलेली होती. मांगाच्या पोरानं चामडं सोडून पाखराचं चित्र काढायचं ठरवलं असतं तर त्याला कोण शिकवणार होतं? त्याच्या हाताला काम होतं, पण निवड नव्हती.

*

मग इंग्रज आला. १८५१ साली लंडनला जगभरच्या मालाचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथं हिंदुस्थानी कारागिरांचं काम पाहून लोक थक्क झाले. १८५३ साली सर जमशेटजी जीजीभाईंनी मुंबईत कला आणि उद्योग शिकवणाऱ्या शाळेसाठी एक लाख रुपये दिले, आणि १८५७ साली चित्रकलेचा वर्ग सुरू झाला. आज ज्याला आपण जे. जे. म्हणतो तेच हे. १८५७ म्हटलं की बंड आठवतं. त्याच साली मुंबईत पोरांच्या हातात सरकारी पेन्सिल आली, हेही आठवावं.

शाळेचा हेतू काय होता? देशी कारागिराला नीट ड्रॉइंग शिकवायचं, म्हणजे माल सुधारेल. पद्धत लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनची. सरळ रेघ, वर्तुळ, घन, मग प्लास्टरच्या पुतळ्यांची नक्कल. बघायचं ते समोरच्या साहेबी नमुन्याकडे, स्वतःच्या गल्लीकडे नाही. आणि वर्गात आलं कोण? काही कारागिरांची पोरं आली. पण हळूहळू बाकं भरली ती लिहित्यावाचत्या पांढरपेशा घरातल्या मुलांनी. १८६५ साली इथं शिकवायला आलेले लॉकवुड किपलिंग सरकारच्या हुकमानं गावोगाव फिरले आणि विणकर, कोरीवकाम करणारे, धातू घडवणारे यांची सुंदर चित्रं काढून घेऊन आले. कारागीर कागदावर आला, वर्गात मात्र बसला नाही. तेव्हापासून दोन शब्द वेगळे झाले. एक कलावंत, एक कारागीर. कलावंत सही करतो, कारागिराला मजुरी देतात.

याच शाळेचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स साहेबाच्या हाताखाली अजिंठ्याला जाऊन लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करत होते. बुद्धाची चित्रं! ज्या भिंतींवर बुद्ध, भिक्षू, राजा, दासी, हत्ती, सावकार, भिकारी सगळे एका रंगात न्हाऊन निघालेत, त्या भिंती. त्या प्रती लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या पुष्कळ जळाल्या. १९५६ साली आपण बुद्धाकडे परत आलो तेव्हा अजिंठा आपला झाला असं आपण म्हणतो. पण सहलीला जाऊन फोटो काढला म्हणजे भिंत आपली होत नाही. ती भिंत बघायला डोळा लागतो. तो शाळेत तयार करायचा असतो, आणि त्याचाच तास आपण गणिताला देऊन टाकलाय.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादी आहे. वाचन, मोडी आणि बाळबोध लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. यात चित्रकला नाही. ही यादी आमच्या तोंडावर फेकून कुणी म्हणेल, बघा, तुमच्या जोतीबांनीच मागितली नव्हती. मी म्हणतो, घराला आग लागलेली असताना माणूस आधी पोरं बाहेर काढतो. तेव्हा आमच्या पोराला अक्षरच मिळत नव्हतं. आणि जोतीरावांना कलेची ताकद ठाऊक नव्हती असं समजू नका. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. न शिकलेल्या माणसाला पटवायचं तर त्याच्या डोळ्यापुढं चित्र उभं करावं लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं होतं? १८८२ च्या यादीत तेव्हाची निकड होती. पुढच्या ओळी आपण लिहायच्या आहेत.

*

आता फळ्याकडे या. एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव नावाच्या विद्यार्थ्याला मास्तरांनी फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावलं, तेव्हा वर्गातल्या पोरांनी गिल्ला केला. कारण त्यांचे जेवणाचे डबे फळ्यामागं ठेवलेले होते. भीमराव फळ्याला शिवायच्या आत डबे बाजूला झाले पाहिजेत! धनंजय कीरांच्या चरित्रात हे आलंय. आपण ते अस्पृश्यतेचं उदाहरण म्हणून सांगतो. त्यात आणखी एक गोष्ट आहे. फळा म्हणजे काय? सगळ्यांच्या समोर आपल्या हातानं काहीतरी उमटवायची जागा. पुस्तक घरी एकट्यानं वाचता येतं. फळ्यावर मात्र हात दिसतो. म्हणून भांडण फळ्यापाशी झालं.

त्याच्या आधी साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसायचं, आणि तहान लागली तर शिपायानं वरून पाणी ओतायचं. शिपाई नसला तर पाणी नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. आता विचार करा. चित्रकलेच्या तासाला काय लागतं? कागद, कुंचला, रंग आणि वाटीभर पाणी. पाणी सगळ्यांच्या मधे असतं. कुंचले त्यात बुडतात. एकाचा लाल दुसऱ्याच्या निळ्यात मिसळतो. ज्या समाजात माणसाला माणसाच्या पाण्याचा विटाळ होतो, तिथं रंगाची वाटी ही साधी वस्तू राहत नाही. भूगोल लांब बसवून शिकवता येतो, पाढे बाहेर बसूनही ऐकू येतात. रंग लांबून शिकवता येत नाही. मास्तराला हात धरावा लागतो. महाडला १९२७ च्या मार्चात तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तो हक्क नुसता तहानेचा नव्हता. माणसानं माणसाच्या पाण्यात हात बुडवायचा हक्क होता तो. त्यात रंगाच्या वाटीतलं पाणीही येतं.

*

गिरणीचं सांगतो. मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे, तुटलेला धागा सांधणं हे माझं काम, म्हणून हा इतिहास मला जवळचा वाटतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या लोकांना बराच काळ साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात घेत नसत. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढावं लागे. ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला दुसऱ्यानं कसं तोंड लावायचं? साचेखात्यात पगार जास्त, आणि तिथंच आपल्याला बंदी. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला, तेव्हा कुठं त्याची वाच्यता झाली.

सगळे या गोष्टीकडे मजुरीच्या बाजूनं बघतात आणि ते बरोबरच आहे. पण कापडाच्या बाजूनंही बघा. सूत कातण्यात रंग नाही, नक्षी नाही. किनार, चौकडा, बुट्टी, जे काही डोळ्याला दिसतं ते साच्यावर उमटतं. म्हणजे धागा आपण काढायचा आणि नक्षी दुसऱ्यानं. लुगड्याच्या काठावरचा मोर आपल्या बाईच्या अंगावर नव्हताच, तो आपल्या माणसाच्या हाताखालूनही जाऊ दिला नाही. यंत्र इंग्लंडचं, भांडवल शेठजीचं, आणि खात्याखात्यातली भिंत मनूची. त्या गिरण्या आता बंद पडल्या, त्यांच्या जागी मॉल आणि टॉवर झाले. भिंत तेवढी जागा बदलून शाळेत आली. आता तिचं नाव ‘अवांतर विषय’.

*

दार उघडलं तर काय होतं, हेही इतिहासात आहे. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९०२ साली पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. याच राजानं आबालाल रहिमान या मुसलमान चित्रकाराला आश्रय दिला. याच कोल्हापुरात मिस्त्री घराण्यातले, म्हणजे सुतारकाम-लोहारकाम करणाऱ्या घरातले बाबूराव नाटकांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर झाले, आणि स्वतः कॅमेरा जुळवून त्यांनी १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढला. कारागिराच्या पोराला शहरानं कलावंत म्हणून हाक मारली.

आणि त्याच शहरात ९ डिसेंबर १९५० ला बिंदू चौकात जोतीराव फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. पुढाकार माधवराव बागलांचा. आणि हे बागल कोण? जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार! योगायोग म्हणा पाहिजे तर. मी म्हणतो, ज्याचा डोळा तयार झाला होता त्याला कळलं की चौकात कोणाचं रूप उभं राहिलं पाहिजे.

*

आता एका धोक्याबद्दल बोललं पाहिजे. शाळेत हाताचं काम शिकवा असं म्हटलं की लगेच काही लोक खूश होतात. त्यांच्यापासून सावध राहायला हवं. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिथून झाकीर हुसेन समितीची योजना आली, नई तालीम. एखादा हस्तव्यवसाय मध्याला धरून सगळं शिक्षण द्यायचं. श्रमाला मान द्यायचा हेतू चांगला होता, त्यावर दगड मारायचं कारण नाही. पण ज्याच्या सात पिढ्या सूत काढण्यात, चामडं कमावण्यात गेल्या, त्याच्या पोराला शाळेत जाऊनही तेच मिळणार असेल तर शाळा कशाला?

या प्रश्नाचं टोक मद्रास राज्यात दिसलं. १९५३ साली मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी अशी योजना आणली की खेड्यातल्या पोरांनी रोज तीन तास शाळेत बसावं आणि उरलेला वेळ बापाचा धंदा शिकावा. लोकांनी तिला नाव दिलं ‘कुलकल्वि’, म्हणजे कुळाचं शिक्षण, जातीचं शिक्षण. पेरियार आणि त्यांचे लोक रस्त्यावर उतरले. राजगोपालाचारींना पद सोडावं लागलं आणि १९५४ साली कामराजांच्या सरकारनं योजना मागं घेतली. वकिलाच्या पोरानं तीन तासानंतर वकिली शिकायची आणि भंग्याच्या पोरानं झाडू, असा त्याचा अर्थ होता. तो लोकांना बरोबर कळला.

म्हणून स्पष्ट सांगतो. चित्रकला शिकवा म्हणजे आमच्या पोरांना पुन्हा बलुत्याला बांधा असं नाही. उलटं आहे. बापाचा धंदा शिकवताना पोराला सांगतात, हे असंच करायचं, तुझ्या आज्यानं असंच केलं. चित्रकला नीट शिकवली तर पोराला विचारतात, तुला काय दिसलं? आमच्या पोराला हा प्रश्न गावानं विचारला नाही, देवळानं विचारला नाही, गिरणीनं तर नाहीच. शाळेनं विचारायला पाहिजे.

*

हा प्रश्न किती मोलाचा आहे ते बघायचं तर एकदा आपल्या मुलखाबाहेर जावं लागेल. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यूंना कोंडायला चेकोस्लोव्हाकियात तेरेझीन इथं छावणी केली होती. १९४२ च्या डिसेंबरात तिथं फ्रीडल डिकर-ब्रांडाइस नावाची चित्रकार बाई कैदी म्हणून आली. कैद्याला मोजकंच सामान आणायची मुभा होती. या बाईनं त्यात कागद आणि रंग आणले. छावणीतल्या पोरांना ती चोरूनमारून चित्रकला शिकवायची. पोरं फुलं काढायची, घरातलं टेबल काढायची, छावणीतले एकावर एक लाकडी पलंग काढायची. आणि बाई त्यांना चित्रावर स्वतःचं नाव लिहायला लावायची. जिथं माणसाचा नंबर झाला होता तिथं नाव!

१९४४ च्या ऑक्टोबरात बाईला आउश्वित्झला नेऊन मारलं. तिच्या बहुतेक विद्यार्थ्यांनाही मारलं. पण जायच्या आधी दोन पेट्यांत भरून ठेवलेली सुमारे साडेचार हजार चित्रं राहिली. ती आज प्रागच्या ज्यू म्युझियममध्ये आहेत. मारणाऱ्यांनी याद्या ठेवल्या होत्या. त्या याद्यांच्या विरुद्ध ही चित्रं साक्षीला उभी आहेत. त्या पोरांना कलेनं पोट भरायचं नव्हतं. त्यांना वाचवणंही कुणाच्या हाती राहिलं नाही. तरी ती होती, त्यांनी पाहिलं, हे जगाला कळलं.

आता आपल्याकडे वळा. शेकडो वर्षांत गावकुसाबाहेर किती पोरं जन्मली आणि मेली. त्यांनी काय पाहिलं याचा एक कागद आपल्याकडे आहे का? आपला इतिहास आपण दुसऱ्याच्या दप्तरात शोधतो. पाटलाच्या कागदात, पेशव्याच्या दप्तरात, साहेबाच्या गॅझेटियरमध्ये. तिथं आपण ओझं वाहताना सापडतो, दंड भरताना सापडतो. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं काही सापडत नाही. म्हणून नागपूरचे सावी सावरकर पेशवाईतल्या अस्पृश्याच्या गळ्यातलं मडकं आणि मागं बांधलेला झाडू चित्रात आणतात, देवदासी आणतात, तेव्हा ते रिकामं पान भरत असतात. ते त्यांना जमलं, कारण नागपूरला आणि बडोद्याला कलेचं रीतसर शिक्षण त्यांच्या हाती लागलं. ज्यांच्या हाती लागलं नाही त्यांची चित्रं कुठं आहेत?

*

आज काय चाललंय? कायद्यात चित्रकला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची वाचा. सहावी ते आठवीत शंभराच्या वर मुलं असतील तर कला, खेळ आणि कार्यानुभव शिकवायला अर्धवेळ शिक्षक द्यायचा. शंभराच्या वर! आता आपल्या तांड्यावरच्या, पाड्यावरच्या, वस्तीवरच्या शाळेत सहावी ते आठवी मिळून शंभर पोरं कुठून आणायची? शहरातल्या मोठ्या शाळेला शिक्षक, वस्तीवरच्या शाळेला आकडा कमी म्हणून काही नाही. यात जातीचा उल्लेख कुठंच नाही. तो करायची गरजच पडली नाही. २०२० च्या नव्या धोरणानंही कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको असं म्हटलंय. कागदावर छान आहे. पण शिक्षक कोण देणार?

महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षा आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे पेपर असतात, आणि पास झालं की दहावीला वाढीव गुण मिळतात. ज्याच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर आहे त्याला ते मिळणार. आणि रंगपेटी? मी ज्या शाळेत शिकलो तिथं रंगपेटी न आणणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करत. बाहेर उभं राहणाऱ्यांची यादी आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणाऱ्यांची यादी जवळपास एकच असायची.

पोटाचं विचारणाऱ्यांनी हेही ऐकावं. घरं आखायचं शिक्षण घ्यायचं तर त्याच्या प्रवेशपरीक्षेला चित्रं काढावी लागतात. कापडाची नक्षी, छपाई, सिनेमा, पुस्तकं, कॉम्प्युटरवरची चित्रं, सगळीकडे तयार डोळा आणि तयार हात मागतात. राखीव जागा पोराला दारापर्यंत नेईल. पण ज्यानं पेन्सिलीनं कधी मोकळी रेघच ओढली नाही, तो आत जाऊन काय करणार? मग तेच लोक म्हणतील, यांच्यात गुणवत्ता नाही.

आणि जिथं तास होतो तिथं तरी काय शिकवतात? कुठल्याही शाळेत जा, पोराला म्हणा चित्र काढ. दोन डोंगर, मधून सूर्य, उतरत्या छपराचं घर, घरापुढून वाहणारी नदी, काठावर नारळ. बीडच्या दुष्काळी गावातलं पोरगंही नदीकाठचा नारळ काढतं. झोपडपट्टीतली पोरगीही तेच छप्पर काढते. तिचं घर पत्र्याचं आहे, पुढं नाला आहे, पहाटे नळावर हंड्यांची रांग आहे. त्या रांगेत ती रोज उभी असते, पण कागदावर रांग येत नाही. कारण तिला कुणी सांगितलंच नाही की रांग हेही चित्र आहे. साऊथ केन्सिंग्टनचा प्लास्टरचा पुतळा गेला आणि त्याच्या जागी हा नारळ आला. नक्कल ती नक्कलच. आपलं घर चित्रात घालण्याजोगं नाही, हा धडा पोरगी न बोलता शिकते. एकदा हे डोळ्यात बसलं की पुढं ती आपल्या वस्तीबद्दल, आईच्या कामाबद्दल, स्वतःबद्दलही तेच समजणार.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. मी जे पाहिलं ते खरं आहे आणि ते माझ्या हातानं मांडण्याजोगं आहे, हा भरवसा पोराला चित्रकलेच्या तासाला मिळतो. लिहिण्याच्या आधी मिळतो. ज्याला तो मिळाला तो पुढं अर्ज लिहील, कविता लिहील, कोर्टात साक्ष देईल. ज्याला मिळाला नाही तो दुसऱ्याच्या डोळ्यांनीच स्वतःकडे बघत राहील.

म्हणून पुढच्या मोर्चाच्या निवेदनात दोन ओळी वाढवा. एक, शंभराची अट काढा, प्रत्येक शाळेला चित्रकलेचा शिक्षक द्या. दोन, पुस्तकाबरोबर कागद आणि रंगही फुकट द्या. आणि सरकार देईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. प्रत्येक वस्तीत विहार आहे, समाजमंदिर आहे. रविवारी सकाळी दोन तास पोरं बसवा. रंग नसले तर चुन्याची निवळी, गेरू, चुलीतला कोळसा. कागद नसला तर जुन्या वर्तमानपत्राची पाठ, शहाबादी फरशी, भिंत. आपल्या वस्तीत बोर्ड रंगवणारा एखादा पेंटर असतो, फ्लेक्सनं त्याचा धंदा बसवलाय, त्याला बोलवा. त्यालाही बरं वाटेल.

पोरांना नारळ काढू देऊ नका. नळावरची रांग काढायला सांगा. रात्रपाळीहून आलेला बाप काढायला सांगा. चौदा एप्रिलची मिरवणूक काढायला सांगा. वाकडं आलं तर खोडू नका, फक्त विचारा, तुला काय दिसलं? आणि चित्र झालं की कोपऱ्यात पूर्ण नाव लिहायला लावा, आडनावासकट.